एच. पायलोरीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे अल्सर नव्हे

गव्हाण-उलव्यापासून पनवेलपर्यंत अ‍ॅसिडिटीला कंटाळलेली माणसं रक्त तपासून घेतात. रिपोर्टवर ‘एच. पायलोरी आयजीजी पॉझिटिव्ह’ असं आलं, की घरात आधी अल्सरची आणि मग कॅन्सरची धास्ती शिरते. ही धास्ती चुकीच्या वाचनातून येते. आयजीजी म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं. जंतू नाहीसा झाल्यावरही ती रक्तात कित्येक महिने, कधी काही वर्षं टिकतात. त्यामुळे जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच हा कागद सांगतो. जंतू आज पोटात आहे का आणि तो त्रास देतो आहे का, हे त्यावरून ठरत नाही. गव्हाणपासून खाडीपलीकडच्या मुंबईत 1990च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या पाहणीत ही प्रतिपिंडं चार वर्षांपर्यंतच्या 22 टक्के मुलांत, तर दहा ते एकोणीस वयोगटातल्या 87 टक्के जणांत सापडली होती. लागण बहुधा बालपणी, घरातल्या घरातच होते आणि बहुतेकांना जन्मभर काहीच होत नाही. साधारण दहा-पंधरा टक्के लोकांना कधीतरी अल्सर होतो, कॅन्सर त्याहून खूपच कमी जणांना.

यावर कोणी म्हणेल, मग जंतूचा आणि कॅन्सरचा संबंध खोटा का? मुळीच नाही, आणि तो हसण्यावारी नेणंही धोक्याचं आहे. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये पर्थला हा जंतू वाढवून दाखवला आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये त्याला कॅन्सरकारक ठरवलं. त्यामागे जो पुरावा होता त्यात प्रतिपिंडांचाच मोठा वाटा होता. हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांचं पूर्वी साठवून ठेवलेलं रक्त तपासून 1991 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे जठराचा कॅन्सर झालेल्यांपैकी 94 टक्के जणांच्या जुन्या रक्तात प्रतिपिंडं होती आणि हिशेबाने धोका सुमारे सहापट निघाला. पण याच अभ्यासातला दुसरा आकडा सहसा कोणी सांगत नाही : कॅन्सर न झालेल्यांपैकीही 76 टक्के पॉझिटिव्हच होते. समूहाचा धोका मोजायला हे माप उत्तम आहे. एका माणसाच्या पोटात काय चाललं आहे, हे त्याने कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे लागण इतकी सर्रास, तर पॉझिटिव्ह रिपोर्ट बहुधा खराच असणार. लागणीपुरतं हे मान्य. पण जे जवळपास सगळ्यांतच आहे, ते याच माणसाच्या दुखण्याचं कारण कसं ठरवायचं? सांधेदुखीच्या गोळ्यांनीही अल्सर होतो आणि साध्या अपचनात पोटात जखम नसतेच.

उलट गैरसमज जास्त घातक आहे : निगेटिव्ह म्हणजे निर्धास्त. जुन्या सुजेने जठराचं अस्तर फार झिजलं, की तिथे जंतूलाही तग धरवत नाही आणि हळूहळू प्रतिपिंडंही ओसरतात. त्यामुळे जपानमध्ये धोक्याची वर्गवारी करताना, अस्तर झिजलेलं पण प्रतिपिंडं नसलेला गट सर्वाधिक धोक्याचा मानतात. वजन घटणं, काळी शौच, घास अडकणं, रक्ताची उलटी यांपैकी काही असेल तर रक्ताचा रिपोर्ट काहीही असो, एंडोस्कोपी टाळू नये.

जंतू आज आहे की नाही हे श्वासाच्या युरिया चाचणीतून, शौचातल्या अँटिजेनवरून किंवा एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यावरून कळतं. त्यासाठी पँटोप्रॅझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे आधी बंद असावी लागतात, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. उपचार लागू पडला का, हेही कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी याच चाचण्यांनी पाहायचं. तेव्हा आयजीजी पुन्हा करून घेतली, तर जंतू मेलेला असूनही ती पॉझिटिव्हच येण्याची शक्यता मोठी, आणि त्यावरून अँटिबायोटिक्सचा आणखी एक कोर्स विनाकारण सुरू होतो.