रंगाच्या आधीचा तास

मालवणच्या बंदरावर तारलीची टोपली समोर आली, की जाणती बाई आधी कल्ले उचकटून बघते आणि मग पोटावर अंगठा दाबते. पोट घट्ट लागलं तर भावाचं बोलणं, नाहीतर पुढची टोपली. मासा सडतो तो जिवाणूंमुळे असं आपण धरून चालतो. पण पोट मऊ पडण्याची सुरुवात माशाच्या स्वतःच्या पाचकरसांनी होते. भरल्या पोटी जाळ्यात सापडलेली तारली उपाशी तारलीपेक्षा लवकर फुटते, कारण तिच्या आतड्यात हे रस तयारच असतात. जिवंतपणी जे अन्न पचवत होते, ते आता आतडंच पचवायला घेतात.

माणसाच्या शरीरातून काढलेल्या गाठीचं किंवा आतड्याच्या तुकड्याचं याहून वेगळं होत नाही. रक्तपुरवठा तुटला, प्राणवायू संपला, की पेशीच्या आतल्या विकरांवरचा ताबा सुटतो आणि पेशी स्वतःलाच विरघळवू लागते. स्वादुपिंड आणि आतड्याचं अस्तर सर्वांत आधी जातं, कातडी बराच वेळ तग धरते. कोकणातल्या मे महिन्याच्या उकाड्यात हे सगळं आणखी भराभर होतं. बायोप्सीची ती जांभळी-गुलाबी स्लाइड कशी दिसणार, याचा निम्माअधिक निकाल इथेच लागलेला असतो. रंगाच्या बाटलीचं बूच अजून उघडलेलंही नसतं.

हा नाश थांबवणारं द्रव्य या किनाऱ्यावर भलत्याच कारणाने बदनाम झालं. २०१८ मध्ये गोव्यात मासळीला फॉर्मालिन लावतात म्हणून गदारोळ उठला, बाहेरून येणाऱ्या मासळीवर निर्बंध आले आणि सिंधुदुर्गातल्या मासेविक्रेत्यांनाही त्याची झळ बसली. खाण्याच्या वस्तूत फॉर्मालिन नकोच, त्यात वाद नाही. गंमत एवढीच, की त्यातलं फॉर्माल्डिहाइड काही समुद्री माशांच्या अंगात आपोआपही तयार होतं आणि आपला लाडका बोंबील त्यात बराच पुढे आहे. प्रयोगशाळेच्या बरणीत मात्र हेच द्रव्य मुद्दाम, मोजून भरतात. बाजारात मिळणारं तीव्र द्रावण एक भाग आणि पाणी नऊ भाग, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड.

फॉर्माल्डिहाइडचा हा नाश थांबवण्याचा गुण कळला तो योगायोगानेच. १८९३ मध्ये फ्रँकफर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लूम त्याची जंतुनाशक शक्ती तपासत होते. काम करता करता त्यांच्या बोटांची कातडी टणक झाली. कातडी टणक होते, तर शरीराच्या आतले मऊ भागही होतील, हे त्यांनी ताडलं. आज जगभरात जवळपास प्रत्येक बायोप्सी ज्या द्रावणात पडते, त्याचा उगम त्या निबर बोटांत आहे.

फॉर्माल्डिहाइडचा रेणू अगदी चिमुकला: एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. तो प्रथिनांच्या साखळ्यांमध्ये शिरतो आणि शेजारशेजारचे धागे एकमेकांना बांधतो, रापणीच्या जाळ्यात गाठीमागून गाठ पडत जावी तसा. बांधलं गेलं की विकरांचं कामही थांबतं, कारण विकरं स्वतः प्रथिनंच आहेत. पेशी ज्या क्षणी बांधली गेली, त्या क्षणाच्या रूपात राहते.

पण हा चिमुकला रेणू आत शिरायला वेळ घेतो. पीटर मेडावर यांनी, पुढे ज्यांना १९६० चं नोबेल मिळालं, १९४१ मध्ये या शिरकावाचं गणित मांडलं: खोली वाढते ती वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. पहिल्या तासात साधारण एक मिलिमीटर, पण पाच मिलिमीटर गाठायला पाच तास पुरत नाहीत, पंचवीस लागतात. शिवाय आत पोचणं वेगळं आणि गाठी मारणं वेगळं. पाण्यात फॉर्माल्डिहाइडचा बहुतेक भाग पाण्याशी जोडलेल्या, निष्क्रिय रूपात असतो. मोकळा आणि कामाचा भाग अगदी थोडा. म्हणून पातळ तुकड्यालाही नीट पक्कं व्हायला बरेच तास लागतात.

आता निमुळत्या तोंडाच्या बरणीत कोंबलेली नारळाएवढी गाठ डोळ्यांसमोर आणा. बाहेरची कड पक्की झाली, तरी मधला गाभा दिवसभर आपल्याच रसात पचत राहणार. पुढे पाणी काढण्यासाठी तुकडा अल्कोहोलमध्ये घालतात. गाभा अजून कच्चा असेल तर तिथलं काम अल्कोहोल उरकतं, पण गाठी न मारता, प्रथिनं गोठवून. मग एकाच स्लाइडवर दोन देश दिसतात. कडेला रेखीव पेशी, मध्ये पुसट, आखडलेल्या, कसल्याशा जांभळट धुक्यात बुडालेल्या. म्हणूनच अनुभवी माणूस मोठा नमुना आल्या आल्या भाकरीएवढ्या जाडीचे काप घेतो आणि नमुन्याच्या दहापट तरी फॉर्मालिन ओततो. फॉर्मालिन वाचवण्याइतकी महागडी काटकसर दुसरी नाही.

रंग नेमका कुठे चुकतो, ते समजायला रंगच ओळखायला हवेत. जांभळा येतो हिमॅटॉक्सिलिनमधून, म्हणजे मेक्सिकोच्या कांपेचे भागातल्या एका झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून. नुसता तो फारसा रंगवत नाही. हवेने किंवा रसायनाने त्याचं रूप बदलावं लागतं आणि वर तुरटी लागते, आपल्याकडच्या रंगाऱ्यांना कापडासाठी लागते तीच. तुरटीमुळे धनभारित झालेला हा रंग केंद्रकातल्या डीएनएच्या ऋणभारित कण्याला चिकटतो. गुलाबी इओसिन उलट स्वभावाचा. तो ऋणभारित आणि प्रथिनांच्या धनभारित टोकांकडे धावतो.

आता पडताळा पाहा. विकरांनी डीएनए आधीच तोडून टाकलं असेल तर जांभळ्या रंगाला चिकटायला जागाच नाही. केंद्रक फिकट, भुतासारखं दिसतं. बाटलीतल्या रंगाचा दोष शून्य, आणि रंग कितीही वेळ ठेवला तरी गेलेलं डीएनए परत येत नाही. फॉर्माल्डिहाइड मात्र ज्या टोकांना गाठ मारतं, त्यांतलीच काही इओसिनला हवी असतात, म्हणून फॉर्मालिनमधल्या तुकड्यावर गुलाबी रंग थोडा संयमाने चढतो. जपण्याची किंमत अशी रंगातून वसूल होते.

फॉर्मालिन शिळं होऊन आंबट झालं तर आणखी एक फसवणूक. आम्लधर्मी फॉर्मालिन रक्तातल्या हीमशी संयोग पावून तपकिरी-काळे कण तयार करतं, रक्ताळलेल्या प्लीहेत तर मूठभर. हे मलेरियाचे कण समजून डोकं खाजवणारे नवखे पॅथॉलॉजिस्ट बरेच असतील. म्हणून फॉर्मालिनमध्ये फॉस्फेट घालून ते उदासीन ठेवतात.

फॉर्मालिन प्रत्येक तुकड्याला चालतंच असं नाही. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडताप हा विषाणूचा आजार पोचला. मेलेल्या माकडांचं शवविच्छेदन करावं लागतं तेव्हा एकाच अवयवाचे दोन तुकडे दोन उलट नियमांनी जपावे लागतात. विषाणू शोधायचा तर तुकडा बर्फात, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणी थंडगार पोचायला हवा. फॉर्मालिन लागलं की विषाणू निकामी. ऊती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तर फॉर्मालिन हवंच, आणि बर्फ नको. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या कच्च्या तुकड्यात पाण्याचे स्फटिक वाढतात, पेशी फाडतात आणि स्लाइडवर जागोजागी भोकं उमटतात. मासे ताजे राहतात तेवढ्या कल्पनेवर बायोप्सी फ्रीझरमध्ये ठेवणारी माणसं चुकतात ती इथे.

याच जिल्ह्यातल्या वेंगुर्ले तालुक्यात खानोली नावाचं गाव आहे. त्याच्या नावावरून आलेलं आडनाव लावणारे वसंत रामजी खानोलकर, भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणून ओळखले जाणारे, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात प्रयोगशाळांचे प्रमुख होते. कर्करोगाइतकाच कुष्ठरोगावरही त्यांनी अभ्यास केला, विशेषतः नसांमधल्या जंतूंवर. तो जंतू रंगवण्याची तऱ्हा मला सगळ्यांत आवडते. त्याच्या भिंतीत मेण असतं. त्यामुळे लाल रंग एकदा आत गेला की आम्लानेही धुतला जात नाही. पण काप पॅराफिनमध्ये बसवलेला असतो आणि पॅराफिन काढायला झायलीन वापरलं, की जंतूच्या अंगावरचं नाजूक मेणही त्याच्याबरोबर वाहून जातं. जंतू असूनही स्लाइड रिकामी. जॉर्ज फाइट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत यावर तोडगा आहे: झायलीनमध्ये शेंगदाण्याचं तेल मिसळायचं. तेल जंतूच्या भिंतीला सांभाळतं आणि रंग टिकतो. आजही कुष्ठरोगाच्या बायोप्सीवर हीच युक्ती चालते. जपणूक बरणीपाशी संपत नाही, रंगाच्या उंबरठ्यापर्यंत चालू राहते.

काही चुका मात्र दुरुस्त होतात. गरजेपेक्षा जास्त गाठी पडल्या की प्रथिनांवरचे ओळखीचे कोपरे झाकले जातात आणि नेमक्या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांना ते सापडत नाहीत. १९९१ पासून यावर उपाय आहे. काप क्षारद्रावणात तापवायचे, काही गाठी सुटतात आणि कोपरे उघडे पडतात. पुष्कळ प्रयोगशाळांत हे काम साध्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरवर होतं. शिट्टीची वाट बघणारा तंत्रज्ञ बघायला मजा येते. पण कुकर गाठ सोडवू शकतो, विकरांनी चावून टाकलेलं प्रथिन परत आणू शकत नाही.

स्तनाच्या कर्करोगात तर या साऱ्याचा थेट उपचाराशी संबंध येतो. गाठीत इस्ट्रोजेनचे ग्राही किंवा हर२ हे प्रथिन आहे का, यावर औषध ठरतं, आणि ही परीक्षा याच प्रतिपिंडांनी होते. म्हणून मार्गदर्शक सूचना सांगतात: तुकडा शरीराबाहेर आल्यापासून एका तासात फॉर्मालिनमध्ये, आणि तिथे किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास. मालवणहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. एका रात्रीचा प्रवास ७२ तासांत सहज बसतो. शनिवारी निघून सोमवारी उघडलेली बरणीही बसते, पण मध्ये एखादी सुट्टी आली की कडेला येते. तुकडा किती वाजता काढला आणि किती वाजता बरणीत पडला, अशा दोन वेळांचे रकाने अर्जावर असतात. ते रिकामे असतील तर नकारार्थी निकालापुढे पॅथॉलॉजिस्ट थांबतो. प्रथिन नव्हतंच की ते वाटेत हरवलं, हे त्याला ठरवता येत नाही, आणि मग तो दवाखान्यात फोन लावतो.