निळा दिवा लागू द्या!

दिवाळीच्या अंकात दिव्यांविषयी लिहावे असा रिवाजच आहे. मीही एका दिव्याविषयीच लिहिणार आहे. परंतु माझा दिवा मातीचा नाही, त्यात तेलही नाही, आणि आकाराने तो ज्वारीच्या दाण्याएवढाच आहे. त्याचा रंग निळा. टेलिफोन केंद्रातल्या लोखंडी कपाटात, यंत्राच्या एका पातळ कार्डाच्या टोकाला तो बसवलेला असतो. तो लागून स्थिर झाला, की कार्डाला हात घालायला हरकत नाही असे समजावे. त्याआधी ज्याने हात घातला त्याची, आणि त्याच्याबरोबर साऱ्या तालुक्याची, धडगत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही.

टेलिफोनच्या नोकरीत माझी बरीच वर्षे यवतमाळ जिल्ह्यात गेली. जिल्हा मोठा. एका अंगाला वर्धा नदी, दुसऱ्या अंगाला पैनगंगा. वणीकडे कोळशाच्या खाणी, पुसद-उमरखेडकडे डोंगर, आणि मध्ये जिकडे पाहावे तिकडे कापूस. उन्हाळा असा, की दुपारी लोखंडी कपाटाला हात लावला तर चटका बसावा. अशा ठिकाणी टेलिफोन जिवंत ठेवणे म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. फोन उचलला की आवाज यावा, एवढीच त्यांची अपेक्षा. आणि ती रास्तच आहे.

प्रथम हे कपाट आतून कसे असते ते सांगतो. आपल्या स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी डोळ्यांसमोर आणा. ताटे उभी लावलेली असतात. प्रत्येक ताटाला आपली खाच. हवे ते ताट काढावे, घासावे, परत लावावे. बाकीची जागची हलत नाहीत. टेलिफोन केंद्रातल्या या मांडणीला आमच्या भाषेत ‘चॅसी’ म्हणतात, आणि ताटांच्या जागी असतात ‘कार्डे’. काही कार्डे ग्राहकांच्या तारा सांभाळतात, काही वीज पुरवतात, आणि एक-दोन कार्डे साऱ्यांचा कारभार पाहतात. कारभार पाहणारी कार्डे नेहमी जोडीने असतात. एक काम करते. दुसरे पूर्ण तयारीत बसून असते. पहिले आजारी पडले की दुसऱ्याने त्याच क्षणी सूत्रे हाती घ्यायची. बोलणाऱ्या माणसाला याचा पत्ताही लागू नये, अशी योजना.

आपल्या देशात खेडोपाडी हे यंत्र पोचवण्याचे श्रेय ‘सी-डॉट’ या सरकारी संशोधन संस्थेला जाते. ही संस्था १९८४ साली स्थापन झाली. सॅम पित्रोदा आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी खेड्यांसाठी १२८ पोर्टांचे एक छोटे टेलिफोन केंद्र तयार केले. त्याला सगळे ‘रॅक्स’ म्हणत. पहिले रॅक्स १९८६ साली कर्नाटकात कित्तूर येथे सुरू झाले. परदेशी यंत्रांना थंडगार खोली लागे. रॅक्सला वातानुकूलनाची गरज नव्हती. धूळ आणि उकाडा सोसून ते चालत राही. आमच्या विदर्भाच्या उन्हाळ्याला असेच यंत्र हवे होते.

आता माझी गोष्ट. साल १९९७, महिना मे. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी रात्री दहाच्या सुमारास केंद्रात बसलो होतो. बरोबर आमचे जुने लाइनमन होते. सगळे त्यांना मामा म्हणत. एवढ्यात धोक्याची घंटा वाजली आणि कागदावर ओळ उमटली : कारभारी कार्ड क्रमांक १ बिघडले. मी पुढे झालो. दोन कार्डे शेजारी शेजारी. डावीकडून पहिले ते क्रमांक एक, यात विचार तो काय करायचा? नवे कार्ड माझ्या हातात तयार होते.

“सायेब, एकडाव मोजून घ्या ना,” मामा म्हणाले.

“मामा, दोनच तर आहेत!” मी हसून म्हणालो, आणि कार्ड ओढले.

केंद्रातली बारीक टिकटिक थांबली. ती टिकटिक इतकी सवयीची असते, की चालू असताना ऐकू येत नाही. थांबली की कानठळ्या बसतात. माणूस एकापासून मोजतो; यंत्राच्या घरी मोजणी शून्यापासून सुरू होते. डावीकडचे पहिले कार्ड होते ‘शून्य’, आणि ‘एक’ होते त्याच्या शेजारचे. आजारी कार्ड तसेच ठेवून मी धडधाकट कार्ड ओढून काढले होते! सारा तालुका मुका झाला.

कार्ड घाईघाईने परत बसवले; पण उठलेल्या माणसाने लगेच कामाला लागावे तसे यंत्राचे नसते. त्याला सारे पहिल्यापासून आठवावे लागते. पाऊण तास गेला. अंगातला सदरा घामाने पिळून निघाला. मामांनी एका शब्दानेही ‘मी सांगितले होते’ असे म्हटले नाही. त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेतकरी दारात उभा राहिला. बारा किलोमीटरवरच्या गावचा. आदल्या रात्री त्याच्या म्हाताऱ्या वडिलांच्या छातीत कळ आली. तो एसटीडीच्या पिवळ्या पाटीच्या दुकानात धावला. डॉक्टरांना फोन करून गाडी मागवायची होती. फोनमध्ये आवाज नाही. शेवटी बैलगाडी जुंपून वडिलांना तालुक्याला आणले. म्हातारबाबा वाचले, हे माझे नशीब. तो गृहस्थ भांडायला आला नव्हता. त्याने एवढेच विचारले :

“सायेब, रात्री साडेदहाले फोन कायले बंद होता?”

मी म्हणालो, “तांत्रिक बिघाड.”

“मंग काय करता! मशीनच हाय ते,” असे म्हणून, उलट मलाच धीर देऊन, तो गेला. मामा कोपऱ्यात बसून तार सोलत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा तार सोलू लागले. बिघाड यंत्रात होता खरा. पण फोन बंद पाडला तो यंत्राने नव्हे. बिचाऱ्या यंत्राने तर कोणते कार्ड आजारी आहे ते कागदावर लिहून दिले होते.

पुढे काळ बदलला. कार्डांची जागा ‘ब्लेड’ घेऊ लागली. ब्लेड म्हणजे दाढीचे पाते नव्हे. पण नाव त्याच्याच पातळपणावरून पडले. एक ब्लेड म्हणजे अख्खा संगणक असतो : मेंदू, स्मरणशक्ती, सारे काही एका पाटीवर. टेलिफोनसाठी ही पाटी आणि तिची मांडणी कशी असावी, याचे एक मानक जगभरच्या उत्पादकांनी मिळून २००२ च्या अखेरीस मुक्रर केले. त्याप्रमाणे प्रत्येक ब्लेड सुमारे ३२ सेंटिमीटर उंच, २८ सेंटिमीटर खोल आणि ३ सेंटिमीटर जाड. एका मांडणीत १४ किंवा १६ खाचा. वीज घरातली २३० व्होल्टची नव्हे. टेलिफोनच्या जुन्या रिवाजाप्रमाणे ४८ व्होल्टची, दोन-दोन व्होल्टच्या चोवीस बॅटऱ्यांवरून येणारी. तीही दोन वेगळ्या वाटांनी, म्हणजे एक वाट बंद पडली तर दुसरी असावी. गावातली वीज गेली तरी फोन चालतो तो या बॅटऱ्यांच्या जिवावर.

असे एक यंत्र बसवण्याचे काम २०११ साली, दिवाळीच्या थोडे आधी, जिल्ह्यातच माझ्याकडे आले. मदतीला नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी होती. हुशार, चटपटीत, आणि माझ्या वेळी मी होतो तशीच घाईची. पहिल्या दिवशी मी तिच्या मनगटाला पट्टा बांधला आणि त्याची तार चॅसीला जोडली. “सर, हे कशाला?” तिने विचारले. मी म्हणालो, “कोरड्या हवेत नायलॉनची साडी काढताना तडतड आवाज येतो ना? तीच वीज तुझ्या बोटातून या पाटीत गेली, तर पाटी मरेल आणि तुला कळणारही नाही.”

दुसरा धडा वाऱ्याचा. एकेक ब्लेड दोनशे वॅटपर्यंत वीज खाऊ शकते, आणि खाल्लेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. चौदा ब्लेड म्हणजे जणू दोन-तीन इस्त्र्या एका कपाटात अहोरात्र तापत ठेवल्यासारखे. म्हणून पंखे खालून हवा घेऊन वर सोडतात. रिकामी खाच उघडी ठेवली, तर हवा आळशी माणसासारखी सोप्या वाटेने पळून जाते आणि शेजारचे ब्लेड भाजून निघते. त्यासाठी रिकाम्या खाचेलाही झाकण लावावे लागते. शिवाय आमच्याकडे दिवाळीपासून जिनिंगचा हंगाम. रुईचे तंतू हवेत तरंगतात आणि यंत्राच्या गाळणीवर गोधडी विणतात. ती गाळणी दर आठवड्याला झटकण्याचे काम मी कुणावर सोपवले नाही.

तिसरा धडा निळ्या दिव्याचा. ब्लेड खाचेत सरकवले की आधी त्याच्या लांब पिना टेकतात, मग आखूड. जमिनीची जोडणी सर्वांत आधी, पुरवठा मागाहून. त्यामुळे चालू यंत्रातही ठिणगी न उडता ते बसते. निळा दिवा स्थिर लागतो. मग दोन्ही टोकांच्या मुठी मिटवायच्या. दिवा सावकाश लुकलुकू लागतो; याचा अर्थ, ब्लेड परवानगी मागते आहे. मांडणीत एक कारभारी असतो, त्यालाही अर्थात एक जोडीदार असतो. पाहुणा कोण, तो किती वीज खाणार, पंखे त्याला पुरतील का, शेजाऱ्यांशी त्याचे जुळेल का, हे सारे तो तपासतो. पटले तर निळा दिवा विझतो आणि ब्लेड कामाला लागते. नवी सूनबाईसुद्धा इतकी पारखून घरात घेत नसतील!

काढतानाही तसेच. मूठ किंचित उघडायची आणि थांबायचे. दिवा भरभर लुकलुकतो. ब्लेड आपल्या हातातली कामे शेजाऱ्याकडे सोपवते, वह्या मिटते, निरोप घेते. दिवा स्थिर निळा झाला, की मगच ओढायचे. कधी दोन मिनिटे लागतात, कधी अधिक. या दोन मिनिटांत माणसाची खरी परीक्षा होते.

त्या दिवशी एक ब्लेड बदलायचे होते. मी पडद्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचला. चॅसीवर छापलेला क्रमांक वाचला. मग मुलीला वाचायला सांगितले, आणि शेवटी ब्लेडवरचा कारखान्याचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला. ती कंटाळली.

“सर, दिवा आहे ना! यंत्र चुकू देणार नाही आपल्याला.”

“दिवा एवढेच सांगतो, की हे ब्लेड निघायला तयार आहे,” मी म्हणालो. “आपण योग्य तेच ब्लेड धरले आहे का, हे तो सांगत नाही. चांगल्या ब्लेडची मूठ उघडली, तर तेही मुकाट्याने निरोप घेईल.”

मग निळा दिवा लागेपर्यंत मी तिला १९९७ सालची गोष्ट सांगितली. ज्या साहेबांपुढे मी ती कधी बोललो नव्हतो, ती त्या पोरीपुढे बोललो. ऐकून ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, त्या शेतकऱ्याला नंतर कधी सांगितलंत का?”

दिवा स्थिर झाला होता. मी म्हणालो, “काढ आता.” तिने ब्लेड काढले, नवे बसवले. एकही फोन तुटला नाही. दोघांच्याही लक्षात आले, की तिच्या प्रश्नाचे उत्तर तसेच राहिले.

आता मी निवृत्त आहे. मामा वारले. पिवळ्या पाट्यांची दुकाने जवळजवळ नाहीशी झाली. आता शेतकऱ्याच्या खिशातच फोन असतो. वडिलांच्या छातीत कळ आली तर बांधावरूनच तो १०८ ला फोन लावतो. राज्यात १०८ ची ही रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. तो फोन लागतो तेव्हा कुठल्या तरी कपाटात, कुठल्या तरी खाचेतले एखादे कार्ड किंवा ब्लेड ते काम करीत असते, आणि कुणी तरी माणूस त्याच्यासमोर हातात नवे कार्ड घेऊन उभा असू शकतो. जोडीला जोडी, वाटेला वाट, कारभाऱ्याला कारभारी, सारी तजवीज यंत्रात केलेली आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाने मोजण्यात चूक केली, तर मात्र ही सारी तजवीज वाया जाते.

म्हणून तरुण मंडळींना माझे सांगणे एवढेच. शून्यापासून मोजा. मोठ्याने वाचा. कुणी ‘एकडाव मोजून घ्या’ म्हटले तर हसू नका. निळा दिवा लागू द्या. आणि एवढे करूनही चूक झालीच, तर ती यंत्राच्या माथी मारू नका.

त्या गृहस्थांचे नावही मी विचारले नव्हते. कदाचित त्यांच्या घरी मुले-सुना हा अंक वाचत असतील. त्यांना कुणी तरी हे वाचून दाखवावे : त्या रात्री बिघाड यंत्राचा नव्हता, दादा. चूक माझी होती.