आधी ओळींमधलं अंतर मोजा
मिनी ट्रॅक्टर घेताना एचपीच्या आकड्याआधी आपलं शेत पाहावं. वरूड-मोर्शीकडच्या संत्राबागेत झाडं सहसा 6 बाय 6 मीटरवर असतात, पण फांद्या पसरल्या की मोकळी वाट निम्मीच उरते. तिथे अरुंद, बुटकाच ट्रॅक्टर हवा. ब्लोअरनं फवारायचं तर वीस-बावीस एचपी बरे. शिवाय संत्र्याची तंतुमुळं वरच्या फूट-दीड फूट मातीत. जड यंत्र ती माती दाबून टाकतं.

अकोल्याकडे पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात गोष्ट वेगळी. उघडीप मिळाली म्हणून घाईनं डवरणीला उतरलं, तर चिकट काळ्या मातीत चाकं जागीच फिरतात. तिथे फोर व्हील ड्राइव्हचे जास्तीचे पैसे वसूल होतात. कपाशीसाठी चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं का, तेही विचारा. खोल नांगरट? ती भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरनंच करावी.