श्रीपाळ, धोंडी आणि चार फूट पाणी

नवपदाच्या ओळीचे दिवस आले की आपल्या घराघरांत श्रीपाळ राजाचा रास वाचला जातो. चैत्रात आणि आश्विनात, असा वर्षातून दोन वेळा. उपाध्याय विनयविजयजींनी आरंभिलेला आणि त्यांच्या पश्चात उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केलेला हा रास लहानपणी ऐकताना एका प्रसंगाला माझा श्वास हमखास अडकत असे. लोभाने आंधळा झालेला धवलशेठ श्रीपाळाला भर समुद्रात ढकलून देतो. श्रीपाळ नवपदांचे स्मरण करतो आणि मगरीच्या पाठीवरून कोकणच्या किनाऱ्यावर, ठाण्याला पोहोचतो. श्रद्धेचा हा महिमा मी पन्नास वर्षे ऐकला. परंतु आपल्या व्यापारी कुळांच्या कथेतील नायकावरही पाण्यात पडण्याची वेळ येते, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली ती वयाच्या बासष्टाव्या वर्षी, आणि तीही फार वाईट रीतीने.

पावसाळ्यातील एका रविवारी आम्ही कुटुंबीय पवन मावळात गेलो होतो. ओढ्याच्या काठी मुले खेळत होती. नातवाचा पाय शेवाळावर घसरला आणि तो कमरेइतक्या पाण्यातून पुढे खोलगट भागात गेला. माझ्यापासून अंतर फार तर पंधरा फूट. मी काठावर उभा राहून केवळ ओरडत होतो. पाय उचलला जाईना. शेजारच्या शेतातील एका तरुणाने त्याला बाहेर काढले. सारे मिळून अर्ध्या मिनिटाचा प्रकार. मुलगा सुखरूप होता, थोडे पाणी प्याला होता इतकेच. घरी परतताना गाडीत कोणी मला दोष दिला नाही. त्या रात्री मला झोप मात्र आली नाही. बँकेत आयुष्यभर बुडीत कर्जांचे हिशेब मांडले. डोळ्यांसमोर बुडणाऱ्या नातवासाठी माझ्यापाशी काहीच शिल्लक नव्हते.

आमच्या घरात दोन गोष्टींना मज्जाव होता. पहिली पोहणे, दुसरी कादंबरी. गावातील इतर मुले पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत उड्या घेत आणि चार-आठ दिवसांत तरबेज होत. आम्हाला ते काठावरून पाहण्याचीही परवानगी नसे. वडील सांगत, पाण्याच्या थेंबाथेंबात अप्कायाचे असंख्य जीव आहेत. गरजेपुरते गाळलेले पाणी वापरावे, मौजेसाठी पाणी घुसळणे हा अनर्थदंड होय. कादंबरीविषयीही त्यांचा निवाडा ठरलेला होता. स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा या चार विकथा. कादंबरीत चारही एकत्र सापडतात, तेव्हा ती घरात नको. दोन्ही नकारांमागे शास्त्राचा आधार होता, त्यामुळे उलट बोलण्याचे धाडस कोणी केले नाही. पुढे एम.कॉम. झालो, बँकेत लागलो, आणि वाचन परिपत्रकांपुरते उरले.

त्या रविवारनंतर मनात प्रश्न उभा राहिला. चातुर्मासात आमच्या गावी विराजमान असलेल्या महासतीजींना मी तो विचारला. सावद्य कार्याला साधू-साध्वी अनुमती देत नाहीत, हे मला ठाऊक होते. त्यांनीही ती दिली नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “प्रयोजन कशात आहे आणि कशात नाही, हा विवेक श्रावकाने स्वतः करायचा असतो.” घरी येऊन मी आचारांग सूत्राचा अनुवाद उघडला. दुसऱ्या श्रुतस्कंधातील ईर्या अध्ययनात नावेत बसलेल्या मुनीला कोणी पाण्यात फेकून दिले, तर त्याने काय करावे, याचा स्पष्ट विचार आहे. त्याने हर्ष-विषाद करू नये, हाताला हात वा पायाला पाय लागू न देता यतनापूर्वक तरून जावे, बुडी मारू नये, थकवा आला तर उपधीचा भार सोडून द्यावा, आणि काठावर आल्यावर अंग आपोआप सुकेपर्यंत थांबावे. पंचमहाव्रतधारी मुनीसाठीही प्रसंगी तरण्याची रीत सांगितली आहे, हे वाचून मी थक्क झालो. खेळ म्हणून नव्हे, प्रयोजन म्हणून शिकायचे, असे मी ठरविले. ज्यांना हा विचार मान्य नसेल, त्यांच्या मताचा मला आदरच आहे.

तळेगावातील एका तरणतलावात सकाळच्या वर्गाला नाव नोंदविले. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब व हृदय तपासून घेतले. साठीनंतर हे टाळू नये. वर्गात माझ्याखेरीज सर्व जण दहा-बारा वर्षांचे. शिक्षक माझ्या मुलाहून लहान. पण तलावात ते ‘सर’ आणि मी विद्यार्थी.

पहिल्या आठवड्यात हातपाय मारणे नाहीच. चार फूट पाण्यात कठडा धरून उभे राहायचे, तोंडाने श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात बुडवून नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे आणि पुन्हा वर यायचे. भीती असते ती वास्तविक श्वासाची. घाबरलेला माणूस श्वास कोंडून धरतो, डोके वर काढण्याचा प्रयत्न करतो. डोके वर गेले की पाय खाली जातात आणि तो अधिकच बुडू लागतो. छातीत हवा भरलेली असली म्हणजे मनुष्यदेह पाण्याहून किंचित हलका असतो. तो फरक अगदी अल्प असल्यामुळे संपूर्ण डोके वर राहू शकत नाही. पाठीवर स्वस्थ पडल्यास चेहरा तेवढा वर राहतो, आणि जगायला तेवढा पुरतो. हा आर्किमिडीजचा सिद्धान्त मी शाळेत पाठ केला होता. अंगाला पटायला सतरा दिवस लागले. अठराव्या दिवशी सरांनी पाठीखालचा हात केव्हा काढून घेतला, ते मला समजलेही नाही. नंतर सरकणे, पाय मारणे, हातांची लय. तिसऱ्या महिन्यात तलावाची एक लांबी न थांबता पार केली.

तलावावरून परतताना वाटेत वाचनालय लागे. एके दिवशी पायऱ्या चढलो आणि कादंबऱ्यांच्या कपाटासमोर उभा राहिलो. तळेगावचेच रहिवासी असलेल्या गो. नी. दांडेकरांचे ‘पवनाकाठचा धोंडी’ हाती घेतले. तुंग किल्ल्याच्या परिसरातील, याच पवन मावळातील ही कादंबरी १९५५ सालची. त्यांनी लिहिले तेव्हा पवनेवर धरण नव्हते. आज त्या खोऱ्याचा मोठा भाग जलाशयाखाली आहे, आणि शनिवार-रविवारी आपण गाड्या घेऊन जातो ते त्याच पाण्याच्या काठाशी. ज्या ओढ्याशी मी असहाय उभा होतो, त्या खोऱ्यातील माणसे या पुस्तकामुळे मला प्रथमच भेटली. मागोमाग ‘माचीवरला बुधा’ वाचले: मुंबईतील मुलाचे घर सोडून राजमाचीवरील आपल्या झोपडीत परतणारा वृद्ध. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात मी स्वतःशीच का चिडत होतो, हे मला त्या म्हाताऱ्याने समजावले. मग ‘मृत्युंजय’ झाले, ‘ययाति’ झाली, सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ झाली, आणि हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांच्याही काही झाल्या. अर्नाळकर वाचताना रात्रीचे जेवण थंड झाले, हे कबूल करतो.

विकथेचे काय? वडिलांच्या शंकेला मी आज असे उत्तर देईन: आपल्या आचार्यांनीच कथेचा केवढा संसार उभा केला आहे! हरिभद्रसूरींची ‘समराइच्चकहा’, उद्योतनसूरींची इ.स. ७७९ मध्ये पूर्ण झालेली ‘कुवलयमाला’. दोन्हींत प्रेम आहे, वैर आहे, प्रवास आहे, व्यापार आहे. हरिभद्रसूरींनी अर्थकथा, कामकथा, धर्मकथा आणि संकीर्णकथा असे भेद सांगितले. वाचून झाल्यावर मनातील कषाय वाढले की थोडे निवळले, ही कसोटी मी प्रत्येक पुस्तकाला लावतो. सर्वच उतरत नाहीत. न उतरणारी मी अर्ध्यावर परत करतो.

आता एक कळकळीची सूचना. पोहता येऊ लागले म्हणजे मावळातील पाणी आपले मित्र झाले, असे नाही. या भागात वर्षाला सरासरी ४ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस लोणावळ्यात पडतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण काही क्षणांत वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळून चार जणांचे प्राण गेले. अशा लोंढ्यापुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही चालत नाही. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या पथकांतील तरुण जीव धोक्यात घालून शोधकार्य करतात, त्यांना बोलावण्याची वेळ न आणणे हीच त्यांची खरी कदर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षापासून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावासाठी नेमून दिला. तो ऐन आपल्या सहलींच्या हंगामात येतो. सहलीला निघताना डब्यांबरोबर गाडीत एक लांब दोर ठेवावा. कोणी बुडत असेल तर उडी न घेता दोर, काठी, ओढणी, रिकामा बंद डबा, जे हाती लागेल ते त्याच्याकडे टाकावे. मलाही त्या रविवारी हे ठाऊक असते, तर केवळ ओरडत उभे राहावे लागले नसते.

आणि मुलांबरोबर घरातील सुना-लेकींनाही शिकू द्यावे. अनेक तलावांत स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ असते. पाणी कोणाला ओढताना स्त्री-पुरुष पाहत नाही.

याच मावळात पाले गावच्या डोंगरात एक छोटे लेणे आहे. डॉ. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी अभ्यासकांसमोर आणलेल्या तेथील ब्राह्मी लेखाचा आरंभ अरिहंतांच्या नमस्काराने होतो, आणि इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी लेणे व पाण्याची पोढी खोदविल्याची नोंद त्यात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही नोंद. नमस्कारानंतर काही शब्दांतच पाण्याची गोष्ट आहे.

गेल्या आश्विनातील ओळीत मीच घरी रास वाचत होतो. धवलशेठचा प्रसंग आला तसा नातू मांडीजवळ सरकला. “दादाजी, तुम्हाला कोणी असे ढकलले तर?”

मी म्हणालो, “नवकार म्हणेन, पाठीवर पडेन आणि मगर येईपर्यंत दम काढीन.”

तो थोडा वेळ विचार करीत राहिला. मग म्हणाला, “मी पण येतो उद्या तलावावर.”