बागेत चार कोंबड्या, पण कोंबडा नको!

'फार्म फ्रेश' लिहिलेल्या बॉक्ससाठी दामदुप्पट मोजणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर बंगल्यामागच्या अंगणात चार कोंबड्या पाळायला काय हरकत आहे? माझ्या मावशीने कोथरूडला तेच केलंय आणि मी तिची वीकेंड असिस्टंट. पगार : अंडी!

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच. कोंबडा लागतो का? अजिबात नाही. त्याच्याशिवायही अंडी मिळतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. शिवाय पहाटेचं आरवणं नाही, त्यामुळे शेजारी खूश. सोसायटीत राहत असाल तर मात्र आधी परवानगी, तीही लेखी.

आता जात. गावरान कोंबडी काटक खरी, पण वर्षाला जेमतेम साठ-सत्तर अंडी. मध्येच खुडूक बसली की तेही बंद, बाईसाहेब घरट्यातून हलत नाहीत. झाबुआच्या कडकनाथला २०१८मध्ये जीआय टॅग मिळाला, रुबाबही जबरदस्त. अंड्यांच्या हिशेबात मात्र तो बसत नाही. मावशीकडे आहे ग्रामप्रिया. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने ती खास परसासाठी तयार केली. अंडी तपकिरी, वर्षाला दीडशेच्या पुढे. (तपकिरी म्हणजे जास्त पौष्टिक, हा मात्र निव्वळ गैरसमज. रंग जातीचा असतो.)

नोकरी करणाऱ्यांनी पिल्लांच्या फंदात पडू नये. त्यांना सुरुवातीचे काही आठवडे बल्बची ऊब लागते. त्यापेक्षा राणीखेतची लस टोचलेल्या तलंगा घ्या. पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की त्या अंड्यावर येतात. रोज प्रत्येकी शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य, स्वच्छ पाणी, कवच टणक व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा. आणि मीटिंग कितीही लांबो, अंधार पडायच्या आत खुराड्याला कडी. मांजर आणि मुंगूस तुमच्या ट्रॅफिकसाठी थांबत नाहीत.

रोज अंडं मिळेलच असं नाही, कारण एक तयार व्हायलाच साधारण पंचवीस तास लागतात. हिवाळ्यात दिवस लहान झाला की आणखी कमी.

खरी गोची दोन वर्षांनी होते. अंडी घटतात, कोंबडी मात्र आणखी चार-पाच वर्षं सहज जगते. तेव्हा काय करणार, हे विकत घेण्याआधीच घरात ठरवा. आमच्याकडची थोरली आता आठवड्याला एखादं अंडं देते. काकांची नजर रश्श्यावर आहे. मावशीने खुराड्याची किल्ली स्वतःकडे घेतलीय.