उंदरांचा बंदोबस्त : एकट्याचे नव्हे, गावाचे काम

उज्जैनच्या आसपास क्षिप्रेच्या दोन्ही तीरांवर पसरलेली माळव्याची काळी जमीन गव्हा-हरभऱ्यासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. एके काळी यातील बरेचसे क्षेत्र पावसाळ्यात पडीक राही. १९७० नंतर सोयाबीन आले आणि त्याच जमिनीतून वर्षाला दोन पिके निघू लागली. शेतकऱ्याचा लाभ झाला. परंतु त्याबरोबरच शेतातील उंदरांनाही दोन्ही हंगामांत अन्न मिळू लागले. दोन-चार बिघ्यांवर वर्षभराचे धान्य पिकविणाऱ्या कुटुंबाला ही हानी थेट ताटात जाणवते.

उंदराचे खरे बळ त्याच्या वंशवृद्धीत आहे. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी बहुधा सहा-आठ पिले देते, आणि ती पिलेही काही महिन्यांत जननक्षम होतात. त्यामुळे एकाच शेतकऱ्याने आपल्या शेतातील उंदीर मारले, तर रिकामी झालेली बिळे शेजारच्या शेतातील उंदीर थोड्याच दिवसांत व्यापतात. बांधाची हद्द माणसासाठी असते, उंदरासाठी नव्हे. म्हणून साऱ्या गावाने एकाच आठवड्यात काम करणे, हेच या बंदोबस्ताचे मर्म होय.

त्यासाठी वैशाख-ज्येष्ठाचे दिवस उत्तम. शेते मोकळी, अन्न दुर्मिळ आणि बिळे उघडी दिसतात. सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली आढळतील, ती नांदती समजावीत. तेवढीच खणावीत किंवा त्यांच्या तोंडाशी सापळे लावावेत. गव्हाच्या पेरणीनंतर, पीक ओंबीवर येण्यापूर्वी, हेच काम पुन्हा करावे. रुंद व गवताळ बांध म्हणजे उंदरांची धर्मशाळाच. ते अरुंद व स्वच्छ ठेवावेत.

विष हा शेवटचा उपाय समजावा. झिंक फॉस्फाइड वापरणे भागच पडले, तर आधी दोन-तीन दिवस तेल लावलेले साधे धान्य बिळात ठेवून उंदरांना त्याची सवय लावावी लागते. तसे न केल्यास थोडे खाऊन आजारी पडलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावीत नाही. या विषावर उतारा नाही. म्हणून ते कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानेच वापरावे. मुले, गुरे व कोंबड्या यांच्यापासून दूर, बिळाच्या आत ठेवावे आणि मेलेले उंदीर खोल पुरावेत. विषारी उंदीर खाऊन घुबडेही दगावतात, व मग उंदरांना मोकळे रान मिळते.

घुबड अशुभ मानून त्याला हुसकावणे शेतकऱ्याला परवडणारे नाही. गव्हाणी घुबडाचे मुख्य भक्ष्यच उंदीर. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांत त्याच्यासाठी मुद्दाम लाकडी पेट्या बांधतात. आपल्याकडे शेतात उंच खांबावर आडवी काठी ठोकून दिली, तरी त्याला रात्री बसावयास जागा होते. धामणीलाही शक्यतो जीवदान द्यावे.

घरातील धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत, भिंतीपासून दूर व उंच ओट्यावर ठेवावे. यातील कोणताही उपाय खर्चाचा नाही. अडचण आहे ती एकमताची. ग्रामसभेने उन्हाळ्यातच दिवस ठरविला, पडीक जमिनीची व ओढ्याकाठची बिळेही वाटून घेतली, तर पेरलेल्या दाण्यातील अधिक वाटा पेरणाऱ्याच्या घरी येईल.