रक्तदाबाची गोळी आणि मूत्रपिंड

‘डॉक्टर, प्रेशर नॉर्मल आलं, आता गोळी बंद करू का?’ मुठा खोऱ्यातले मधुमेही रुग्ण हा प्रश्न मला हमखास विचारतात. ज्यांच्या लघवीतून प्रथिने जातात त्यांना मी ‘नाही’ म्हणतो. त्यामागचे कारण प्रथम उंदरांत दिसले.

आपल्या रक्तात अँजिओटेन्सिन-२ नावाचे संप्रेरक तयार होते. अवघ्या ८ अमिनो आम्लांची ही साखळी, पण रक्तवाहिन्या आवळण्याची तिची ताकद मोठी. मूत्रपिंडातील गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी ती विशेष आवळते. भातखाचरातून पाणी जायची वाट अरुंद केली की पाणी तुंबून बांधावर जोर येतो, तसेच येथे होते. गाळणीतला दाब वाढतो, प्रथिने गळतात आणि काही वर्षांनी गाळणी निकामी होते.

बोस्टनच्या डॉ. बॅरी ब्रेनर यांच्या गटाने उंदरांचे एक मूत्रपिंड काढले व दुसऱ्याचा बराच भाग निकामी केला. उरलेल्या गाळण्यांवर सारा भार पडून त्याही बिघडत. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा काही उंदरांना एनालाप्रिल दिले, काहींना रक्तदाबाची तीन जुनी औषधे एकत्र. रक्तदाब दोन्हीकडे सारखाच उतरला. मूत्रपिंडे मात्र एनालाप्रिलवाल्यांचीच सावरली, कारण ते अँजिओटेन्सिन-२ तयार होण्यातच अडथळा आणते व गाळणीतला दाब कमी होतो. (या जातीच्या औषधांचा माग ब्राझीलमधील एका सापाच्या विषातून लागला. आपल्याकडची घोणस चावली तर मूत्रपिंडच बंद पडू शकते!)

उंदरांचे सारेच माणसाला लागू पडत नाही. पण १९९३ मध्ये, इन्सुलिनवर असलेल्या ४०९ मधुमेहींच्या चाचणीत, कॅप्टोप्रिलने मृत्यू, डायलिसिस वा मूत्रपिंडरोपणाचा धोका निम्म्यावर आणला. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या, मोठ्या वयातील मधुमेहात २००१ मध्ये लोसार्टनचाही फायदा दिसला. ते अँजिओटेन्सिनचा परिणाम रोखते.

तेव्हा ही गोळी आपल्या मनाने सोडू नये. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून घ्यावे. ‘प्रिल’ने कोरडा खोकला आला तर सांगावे, औषध बदलता येते. गरोदरपणी मात्र ही औषधे वर्ज्य.

भातलावणीत कंबर धरली की दुकानातून डायक्लोफेनॅक आणून घेण्याची रीत या रुग्णांनी सोडावी. त्यात जुलाब-उलट्यांनी अंग सुकले असेल, तर दोन्ही गोळ्या मिळून चांगले चाललेले मूत्रपिंडही काही दिवसांत बंद पाडू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून गोळी तात्पुरती थांबवायची का, हे विचारावे.